वेब डेव्हलपमेंट परिषदेत दर सत्राचा फीडबॅक: कामाच्या नोंदी

पुण्यातली एक दिवसाची परिषद, दोन सभागृहं (अ मध्ये २२० खुर्च्या, ब मध्ये ९०), १४ सत्रं. प्रत्येक सत्र ३५ मिनिटांचं, त्यातली शेवटची १० प्रश्नोत्तरांची. आदल्या वर्षी दोन दिवसांनी ईमेलने एकच मोठा फॉर्म पाठवला होता. त्यात 'सकाळचं दुसरं सत्र आवडलं, नाव आठवत नाही' अशी उत्तरं आली. यंदा सत्र संपता संपता, खुर्चीत बसल्या बसल्या उत्तर मिळवायचं, एवढाच हेतू. असलं काम काढणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून नोंदी जशा केल्या तशाच ठेवल्या आहेत.

१३ ऑक्टोबर २०२५

आधी दुसरीकडे काय चालतं ते पाहिलं. क्यूकॉन, गोटो या परिषदांत दारात हिरवे, पिवळे, लाल कागद टाकून मत घेण्याची पद्धत होती. वेग उत्तम, पण लाल कागद का टाकला ते कळत नाही. पीएचपी या वेब भाषेत काम करणाऱ्यांच्या जॉइंड-इन या साइटवर गुण आणि शेरे सगळ्यांना दिसायचे. तिथे लोक खरं लिहायला कचरतात, किंवा दोघंच लिहितात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात. परिषदेची सत्रं आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या प्रीटॅल्क्स या सॉफ्टवेअरमध्ये सत्रावर अभिप्राय द्यायची सोय आहे, पण आपलं वेळापत्रक तिथे नाही. फक्त फीडबॅकसाठी ते सगळं तिकडे हलवणं परवडणारं नाही.

प्रश्न ठरले ते असे. पहिला: हे सत्र तुमच्या कामात कितपत उपयोगी पडेल? पर्याय चार, मधला पर्याय मुद्दाम ठेवलेला नाही. पाच ताऱ्यांत बहुतेक लोक चारवर बोट ठेवून मोकळे होतात. दुसरा: तुमच्यासाठी पातळी सोपी, बरोबर की अवघड? तिसरा खुणा करायचा: आवाज नीट नाही, कोड दिसला नाही, वेळ पुरला नाही, खोलीत त्रास झाला. चौथा एका ओळीचा: 'हे सत्र पुन्हा झालं तर काय वाढवावं किंवा काय गाळावं?'

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर माइकचा राग वक्त्याच्या गुणांत उतरतो.

नाव, ईमेल, कंपनी काहीही विचारायचं नाही.

१६ ऑक्टोबर

फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) नाही. एक एचटीएमएल पान, सीएसएस आणि स्क्रिप्ट त्याच पानात. सभागृहात २०० जण एकाच मिनिटात पान उघडणार, तेव्हा पहिल्याच विनंतीत सगळं आलं पाहिजे. मागे नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि एसक्यूलाइट (एका फाइलमधला डेटाबेस), वॉल मोडमध्ये, म्हणजे लिहिणं चालू असतानाही वाचता येतं. एवढ्या कामाला वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही. मुंबईच्या डेटा सेंटरमधला १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला.

फॉर्मच्या बारीकसारीक गोष्टी: लिहायच्या चौकटीतला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवला तर आयफोनवरची सफारी चौकटीत बोट लावताच पान मोठं करते आणि खालची बटणं पडद्याबाहेर जातात. पर्यायांची उंची ४८ पिक्सेल. डब्ल्यूसीएजी २.२ या, वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीची एए पातळीची किमान मर्यादा २४ आहे, पण अंधारात, एका हातात चहाचा कप असताना २४ पुरत नाही. पर्याय खरे रेडिओ बटणच ठेवले, डिव्हवर (साध्या चौकटीवर) क्लिक लावून उभे केलेले नाहीत. प्रत्येक प्रश्न फील्डसेट-लेजंडमध्ये (प्रश्न आणि त्याचे पर्याय एकत्र बांधणारे टॅग). स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचून पाहिलं, प्रश्न आणि पर्याय जोडीने ऐकू येतात.

'सबमिट' बटण काढून टाकलं. प्रत्येक टॅप लगेच पाठवायचा. चारही प्रश्न पुरे करून शेवटी बटण दाबण्याची वाट पाहिली तर अर्ध्यात उठलेल्या माणसाचं काहीच हाती लागत नाही.

१८ ऑक्टोबर

क्यूआर. पहिल्या मसुद्यात लिंकला युटीएमचं (भेट कुठून आली ते मोजायचं) शेपूट होतं, एकूण ९० अक्षरं. त्याचा क्यूआर ४१×४१ चौकटींचा झाला. शेपूट छाटलं, छोटं डोमेन घेतलं आणि सगळी लिंक कॅपिटल अक्षरांत लिहिली. क्यूआरमध्ये कॅपिटल अक्षरं आणि आकडे कमी जागेत बसतात, स्मॉल अक्षरं आली की एन्कोडिंग जास्त जागा घेणाऱ्या बाइट पद्धतीवर जातं. १९ अक्षरांची लिंक सगळ्यात लहान, २१×२१ च्या क्यूआरमध्ये एम दर्जाच्या दुरुस्तीसह (थोडा भाग खराब झाला तरी वाचता येतो) मावली. तेवढ्याच आकाराच्या स्टिकरवर प्रत्येक चौकट जवळपास दुप्पट मोठी.

यात एक खोच आहे. डोमेनला कॅपिटल-स्मॉल सारखंच, पण डोमेनपुढच्या भागाला नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधला नियम स्मॉल अक्षरांत लिहिलेला होता, म्हणून पहिल्या स्कॅनला ४०४ (पान सापडलं नाही). नियम अक्षरनिरपेक्ष केला.

प्रत्येक सत्राला वेगळा क्यूआर न देता सभागृहाला एक दिला. खुर्चीवरचं स्टिकर दिवसभर तेच, कोणतं सत्र चालू आहे ते सर्व्हर घड्याळावरून ठरवणार.

२७ ऑक्टोबर

दिवाळीत छापखाने बंद, काम आज दिलं. नमुन्याचं स्टिकर चकचकीत लॅमिनेशनचं आलं. मंचावरचा दिवा त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला अर्धा क्यूआर पांढरा दिसतो. मॅट घ्यावं. गोंद निघणाराच हवा. खुर्चीच्या पाठीवर चिकट डाग राहिले तर सभागृहवाले अनामत रक्कम कापतात. ५ सेंमीचा क्यूआर, भोवती चार चौकटींएवढी कोरी जागा. छापणाऱ्याने जागा वाचवायला ती कोरी पट्टी कापली होती, ती परत घालायला लावली. ती नसली तर काही फोन क्यूआर ओळखतच नाहीत.

आकाराचा ढोबळ हिशेब: स्कॅन जितक्या अंतरावरून होणार त्याचा दहावा भाग. समोरच्या खुर्चीची पाठ हातभर अंतरावर, म्हणून ५ सेंमी पुरतात.

याच हिशेबाने शेवटच्या स्लाइडवर क्यूआर टाकायची कल्पना बाद. अ सभागृहाची मागची रांग पडद्यापासून १८ मीटरवर, म्हणजे क्यूआर १.८ मीटर उंच पाहिजे. पडद्याची उंचीच जेमतेम तेवढी. शिवाय वक्त्यांच्या स्लाइड काळ्या थीमच्या, त्यावर उलट्या रंगाचा क्यूआर टाकला की काही स्कॅनर हात टेकतात.

पहिल्या रांगेपुढे खुर्ची नाही, त्यांच्यासाठी ३० कार्डं वेगळी.

५ नोव्हेंबर

नेटवर्क गेलं तर काय, त्याची सोय. टॅप झाला की आधी लोकलस्टोरेजमधल्या (ब्राउझरच्या फोनवरच्या साठ्यातल्या) रांगेत, मग पाठवायचा प्रयत्न. न गेल्यास २, ४, ८ सेकंदांनी पुन्हा, त्यात थोडं रँडम अंतर, नाहीतर सगळे फोन एकाच क्षणी धडकतात. पान पुन्हा समोर आलं की रांग परत चालवायची. बॅकग्राउंड सिंक (पान बंद असतानाही पाठवायची सोय) आयफोनवर नाही, त्यामुळे त्यावर विसंबलो नाही. नेव्हिगेटर.ऑनलाइन या ब्राउझरच्या खुणेवर तर मुळीच नाही. ते फक्त फोन कशाला तरी जोडलेला आहे एवढंच सांगतं.

दोनदा नोंद होऊ नये म्हणून प्रत्येक फोनला एक रँडम ओळखक्रमांक, आणि फोन, सत्र व प्रश्न या तिघांवर मिळून युनिक बंधन. मत बदललं तर जुन्यावर नवं. त्यातही एक भोक निघालं: 'अवघड' टॅप अडकून राहिला, माणसाने ते बदलून 'बरोबर' केलं, ते आधी पोचलं, आणि मग अडकलेलं 'अवघड' येऊन त्याच्यावर बसलं. प्रत्येक टॅपला फोनवरच चढता क्रमांक दिला. लहान क्रमांक आला तर सर्व्हर तो सोडून देतो.

१५ नोव्हेंबर: रंगीत तालीम

एका छोट्या मीटअपमध्ये तीन सत्रांवर वापरून पाहिलं. बिघडलं ते क्रमाने.

पान उघडलं की 'अजून कोणतंही सत्र सुरू झालेलं नाही'. लॅपटॉपवर सगळं चालत होतं. वेळापत्रकात ११:१५ एवढंच लिहिलेलं, लॅपटॉप भारतीय वेळेवर आणि सर्व्हर यूटीसीवर (साडेपाच तास मागे). सर्व्हरच्या लेखी ते सत्र आपल्या दुपारी पावणेपाचला. तिथल्या तिथे सर्व्हरचा टाइमझोन बदलून वेळ मारून नेली.

नंतर उत्तरं येऊ लागली आणि मोजकीच येऊन थांबली. फोनवर मात्र सगळ्यांना 'नोंदलं' अशी हिरवी खूण. एनजिनएक्समध्ये एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) सेकंदाला ५ विनंत्यांची मर्यादा घातलेली होती. हॉलच्या वायफायवर सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच. सबमिट बटण काढल्यामुळे एका माणसाच्या चार-पाच विनंत्या. बाकीच्यांना ५०३ (विनंती नाकारली). आणि फेच (ब्राउझरची विनंती पाठवायची सोय) ५०३ ला अपयश मानत नाही, नेटवर्क तुटलं तरच एरर देतो. रिस्पॉन्स ओके आहे का हे न तपासता हिरवी खूण दाखवली जात होती, रांगेतूनही ते उत्तर पुसलं जात होतं. ती उत्तरं गेली ती गेलीच.

तिसरी अडचण तांत्रिक नव्हती. बऱ्याच जणांनी सवयीने पेमेंट अ‍ॅप उघडून स्कॅन केलं. अ‍ॅपने 'हा क्यूआर चालत नाही' म्हटलं आणि त्यांनी फोन खिशात टाकला. आपल्याकडे चौकोन दिसला की हात तिकडेच जातो.

वायफायचं लॉगिन पानही आडवं आलं. लॉगिन न केलेल्या फोनवर एचटीटीपीएसची विनंती नुसती लटकते. ४ सेकंदांची कालमर्यादा घालून 'वायफाय बंद करून पाहा' असा मजकूर दाखवायचा ठरवलं.

१७ नोव्हेंबर

वेळापत्रकातल्या प्रत्येक वेळेला +०५:३० जोडलं. सर्व्हर पुन्हा यूटीसीवर. टाइमझोन बदलून भागवलं तर पुढच्या सर्व्हरवर तोच घोळ. दुरुस्ती डेटात हवी.

वेगमर्यादा आयपीऐवजी फोनच्या ओळखक्रमांकावर. आयपीवरची मर्यादा ठेवली, पण २०० जण एकत्र आले तरी लागणार नाही इतकी सैल. हिरवी खूण फक्त सर्व्हरकडून २०० (म्हणजे 'पोचलं') असं उत्तर आल्यावर. तोवर राखाडी खूण आणि 'पाठवत आहे'.

स्टिकरांची छपाई सुदैवाने व्हायची होती. क्यूआरखाली ओळ वाढवली: 'पैसे भरायचा क्यूआर नाही. फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा.' त्याखाली छोटी लिंक, टाइप करता येईल अशी.

२२ नोव्हेंबर

घड्याळावर विसंबण्यातली खोट: सत्र लांबलं तर उत्तरं पुढच्या वक्त्याच्या नावावर जातात. यावर दोन उपाय. पानाच्या माथ्यावर सत्राचं नाव आणि वक्त्याचं नाव ठळक, शेजारी 'दुसरं सत्र निवडा'. आणि प्रत्येक सभागृहातल्या स्वयंसेवकाच्या फोनवर 'पुढचं सत्र सुरू' असं बटण. बटण दाबलं तर घड्याळाकडे दुर्लक्ष. दाबायला विसरला तर ठरलेल्या वेळेनंतर १० मिनिटांनी आपोआप.

३० नोव्हेंबर

वक्त्यांना काय पाठवायचं ते त्यांना आधीच कळवलं. सत्राचे आकडे फक्त त्याच वक्त्याला, क्रमवारी कोणत्याच वक्त्याला नाही. शेरे दोन जण वाचतील. कपडे, उच्चार, दिसणं, बाई असणं यावरचा शेरा पुढे जाणार नाही. कडू पण सत्राबद्दलचा शेरा जाईल, भाषा न सुधारता. काही वक्त्यांनी फक्त शेरे मागितले, आकडे नकोत म्हणाले. तशी सोय केली, ती रास्त आहे.

निवेदकांसाठी एकच सूचना: फीडबॅकची आठवण प्रश्नोत्तरांनंतर नको, त्यांच्या आधी. 'पुढच्या खुर्चीवरचं स्टिकर स्कॅन करा, ३० सेकंद थांबतो' आणि खरोखर थांबायचं. प्रश्नोत्तरं संपली की लोक चहाकडे धावतात. शिवाय त्या ३० सेकंदांत प्रश्न विचारणाऱ्याला धीर गोळा करायला वेळ मिळतो, हा वरचा फायदा.

१३ डिसेंबर: परिषदेचा दिवस

सकाळचं पहिलं सत्र, अ सभागृह: 'कोड दिसला नाही' वर खुणा भराभर वाढल्या. मागच्या रांगेत बसून पाहिलं. पुढच्यांच्या डोक्यांमागे पडद्याचा खालचा तिसरा भाग झाकला जातो, आणि टर्मिनल नेमकं तिथेच असतं. फॉन्ट मोठा करून उपयोग नव्हता. पुढच्या वक्त्यांना मंचामागे सांगितलं: टर्मिनल वरच्या अर्ध्या भागात घ्या, एडिटर फिक्या थीमवर न्या, खालचा स्टेटस बार लपवा. दुसऱ्या सत्रापासून या खुणा ओसरल्या. दोन दिवसांनी पाठवलेल्या फॉर्ममधून ही दुरुस्ती कधीच झाली नसती.

दुपारी ब सभागृहात 'खोलीत त्रास'. एसी बंद केलेला होता, चालू करायला लावला.

एका सत्रात निवेदक ३० सेकंद थांबला नाही, थेट प्रश्नांकडे गेला. त्या सत्राला मोजकी उत्तरं. सत्र वाईट नव्हतं.

जेवणानंतर एका स्वयंसेवकाने 'पुढचं सत्र' बटण पाच मिनिटं आधी दाबलं. लोकांना नाव चुकीचं दिसलं, काहींनी 'दुसरं सत्र निवडा' वापरलं, काहींनी नाही. लॉगमधल्या वेळेवरून ती उत्तरं नंतर हलवली. बटणावर 'नक्की?' असा दुसरा टॅप हवा.

१५ डिसेंबर

उत्तरांची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) काढून एक्सेलमध्ये उघडली, सगळं मराठी अगम्य. फाइलच्या सुरुवातीला बॉम (फाइल युनिकोड आहे हे सांगणारी खूण) घातला की नीट दिसतं. बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारे शेरे एक्सेल सूत्र समजतं, त्यांच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह लावलं. शेरे मराठी, इंग्रजी आणि रोमन लिपीतलं मराठी असे मिश्र आहेत. आपोआप वर्गवारीच्या नादी न लागता सगळे डोळ्यांनी वाचले. इतक्या शेऱ्यांना तेच जलद.

सरासरीबद्दल. ४ जणांनी पैकीच्या पैकी ४ गुण दिलेलं सत्र, ६० जणांनी सरासरी ३.५ दिलेल्या सत्राच्या वर दिसतं. आयोजकांच्या अंतर्गत तक्त्यासाठी प्रत्येक सत्रात सगळ्या सत्रांच्या सरासरीची, समजा ३ ची, १० काल्पनिक मतं मिसळली. पहिलं होतं (३०+१६)/१४ म्हणजे ३.२९, दुसरं (३०+२१०)/७० म्हणजे ३.४३. क्रम सरळ होतो. १० हा आकडा चवीचा भाग आहे. सभागृह मोठं असेल तर वाढवावा.

खरं काम पातळीच्या प्रश्नाने केलं. आयएनपीवरचं (टॅपला पान किती वेळात प्रतिसाद देतं त्याचं माप) सत्र नुसत्या गुणांत तळाशी होतं. पातळीनुसार फोडलं तर 'बरोबर' म्हणणाऱ्यांनी भरभरून गुण दिलेले, 'अवघड' म्हणणाऱ्यांनी हात आखडलेला. कार्यक्रमपत्रिकेत त्यावर 'सर्वांसाठी' असा शिक्का होता. ब्राउझरचं परफॉर्मन्स पॅनल कधी न उघडलेला माणूस तिथे बसणं हा आयोजकांचा दोष, वक्त्याचा नाही. पुढच्या वेळी 'सोपं-मध्यम-प्रगत' हे शिक्के रद्द. त्याऐवजी 'याआधी हे वापरलेलं असावं' अशी एक ओळ वक्त्याकडून लिहून घ्यायची.

२० डिसेंबर

वक्त्यांना कागद पाठवले. प्रत्येकाला एक पान: वर किती उत्तरं आली, मग पातळीनुसार फोडलेले गुण, मग शेरे जसेच्या तसे. सभागृहाच्या तक्रारी खाली वेगळ्या चौकटीत, 'हे आमच्याकडे' असं लिहून.

चौथ्या प्रश्नाची शब्दरचना कामी आली. 'तुमचं मत लिहा' म्हटलं की 'छान', 'मस्त', 'बोअर' येतं. 'काय वाढवावं, काय गाळावं' विचारल्यावर आयएनपीच्या सत्राला आलेला एक शेरा असा: '२०० मिलिसेकंदांची मर्यादा कळली, पण ५० च्या वर गेलेला टास्क नेमका कुठे तोडायचा ते एका उदाहरणावर दाखवा. एफआयडी जाऊन आयएनपी कसं आलं तो इतिहास गाळा.' (एफआयडी हे आयएनपीच्या आधीचं माप.) वक्त्याने लगेच कळवलं की इतिहासाच्या सहा स्लाइड उडवतो. कंटेनर क्वेरींच्या (चौकटीच्या आकारानुसार मांडणी बदलणं) सत्राला तर उलट मागणी: डेमो कमी करा, जुन्या मीडिया क्वेरींच्या (पडद्याच्या आकारानुसार मांडणी बदलणाऱ्या) प्रकल्पात हे टप्प्याटप्प्याने कसं आणायचं ते सांगा.

न पाठवलेले शेरे मोजकेच निघाले, पण निघाले. दोन जणांनी वाचायचा नियम त्यासाठीच होता. एकाला निरुपद्रवी वाटलेली ओळ दुसऱ्याने थांबवली.

२७ डिसेंबर

फोनचे ओळखक्रमांक डेटाबेसमधून पुसले. बॅकअपमध्येही होते, ते वेगळे शोधून काढले.

खर्च: व्हीपीएस तीन महिने १,८०० रुपये, डोमेन ७००, मॅट स्टिकर ३४० नग चार रुपयांप्रमाणे १,३६०, पहिल्या रांगेची कार्डं २००. एकूण ४,०६० रुपये. चकचकीत नमुन्याचे पैसे छापणाऱ्याने घेतले नाहीत.

स्टिकर काढताना रेक्झिनच्या खुर्च्यांवरून अलगद निघाले. कापडी पाठीच्या खुर्च्यांवरचे दुपारपर्यंत आपणच गळून पडले होते, ब सभागृहाच्या मागच्या दोन रांगांची उत्तरं त्यामुळे कमी. कापडी खुर्च्या असतील तर स्टिकर छापू नयेत. दोरी ओवलेलं जाड कार्ड पाठीला अडकवावं, आणि खुर्च्या कसल्या आहेत ते छपाई देण्याआधी जाऊन बघावं.